हिरव्या स्वेटरातली मावशी

ती. मावशीस,

वाकून नमस्कार. तू तो घेशील की नाही हे माहीत नाही, पण वाकायला माझी हरकत नाही. दिवसभर कार्यालयात वाकूनच असते, त्यात आणखी एकदा. तुझे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखायचा, आता उजव्याने त्याला गाठलं का? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस, की आठवेल तेव्हा? आम्ही बरे आहोत, म्हणजे बाबांची एक दाढ गेली, माझी सर्दी आठवडाभर राहून गेली आणि स्वयंपाकघरातला नळ तिसऱ्यांदा गळला. या सगळ्याचा तारीखवार, सचित्र पुरावा आईकडे आहे. पत्र हाताने लिहिते आहे, कारण तू आमचे तिघांचेही नंबर बंद करून ठेवले आहेस, आणि कार्यालयाच्या फोनवरून तुला फसवून बोलणं माझ्या तत्त्वात बसत नाही. (बाबा म्हणाले, लाव की. बाबांना तत्त्वं नाहीत, बसचं वेळापत्रक आहे.)

मला नोकरी लागल्याचं तुला कुठूनतरी कळलंच असेल. नगरपालिकेच्या अभिलेख कक्षात, तळघरात. एकच खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे चार महिन्यांत मी गावातले सगळे बूट ओळखू लागले आहे, चेहरा एकही नाही. जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या उघडायच्या, मऊ ब्रशने धूळ काढायची, एकेक पान स्कॅनरखाली धरायचं आणि पुन्हा बांधून ठेवायचं. आमच्या कक्षप्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, की कागदाला हात लावायचा तो फक्त पुसायला. वहीत चूक असेल तर चूक जपायची, आपलं शहाणपण घरी ठेवून यायचं. मावशी, मला ते वाक्य इतकं पटलं, की मी ते टेबलावर लिहून चिकटवलं. आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि त्या पदवीचं काय करायचं हे मला त्या क्षणी कळलं: जे जसं होतं, ते तसंच राखायचं. मोठ्या बुद्धीने मी हे व्रत घेतलं आणि संध्याकाळी घरी गेले. घरी आई होती.

तुला माहीत असलेली आई अजून आहे, शिलाई मशीन खिडकीपाशीच आहे. कमर कमी करणं, बाह्या आखूड करणं, चेन बदलणं, सगळं चालू आहे. पण संध्याकाळी मशीनवर कव्हर घातलं, की ती फोन काढते आणि चिकटवही करायला बसते. खरी चिकटवही नव्हे, फोनमधली. फोटो घ्यायचा, कापायचा, पानावर लावायचा, कडेने लेस, रिबन, बटणं, टाचलेला टाका, सगळं बोटाने. वर शीर्षक. आपल्या घरात काही घडायची खोटी, की त्याचं पान झालंच. माझ्या सर्दीचं पान आहे, डोक्यावर टॉवेल घेऊन वाफारा घेताना, भोवती ढग, शीर्षक ‘धुकं’. बाबांच्या दाढेला स्वतंत्र पान आहे. दाढ मधोमध, तिला बो. नळवाले काका तर आता घरातलेच झाले. पहिल्या वेळी आईने त्यांना पाना उंच धरून हसायला लावलं, दुसऱ्या वेळी ते भांग पाडून आले, आणि तिसऱ्या वेळी नळ खरंच गळत होता का, याबद्दल बाबांना शंका आहे. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मला दारातून तीन वेळा बाहेर पडायला लावण्यात आलं, कारण पहिल्या वेळी माझे डोळे मिटले होते आणि दुसऱ्या वेळी उजेड आईच्या मनासारखा नव्हता. तिसऱ्या वेळी सगळं जमलं, फक्त बस गेली. (ती बाबांचीच बस होती. त्यांनी आरशात मला धावताना पाहिलं आणि वेळापत्रक पाळलं.)

आता मूळ मुद्द्यावर येते. मावशी, या सगळ्या पानांवर तू आहेस.

रागावू नकोस, पूर्ण वाच. पाच वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तू आमच्याकडे आली होतीस. आईने विणलेला हिरवा स्वेटर घालून गॅलरीत उभी होतीस, हातात रिकामा कप, आणि बाबांनी काहीतरी पांचट सांगितल्यामुळे उजवीकडे बघून हसत होतीस. आईकडे तुझा धड असा तो एकच फोटो. त्यातून तिने तुला कापलं आणि गेली चार वर्षं ती तुला लावते आहे. बाबांच्या दाढेच्या वेळी तू दवाखान्यात खुर्चीच्या मागे उभी राहून हसते आहेस, जे बाबांना लागलं. समुद्रावर आम्ही तिघं घामाघूम, आणि तू वाळूत गळ्यापर्यंत लोकरीत. बाबांच्या नव्या बसपुढे तू बसपेक्षा एक वीत उंच आहेस. (आईला मापं टेपने कळतात, बोटाने कळत नाहीत.) आणि तू नेहमी उजवीकडेच बघून हसतेस, म्हणून आम्हाला सगळ्यांना तुझ्या उजव्या हाताला उभं राहायची सवय लागली आहे, नाहीतर तू भिंतीला हसतेस आणि पान वाया जातं. त्यातून आई पडली शिवणारी. कुठलीही गोष्ट अगदी रेषेवर कापायला तिचा हात धजत नाही. मी सांगून थकले की आई, हा फोटो आहे, ब्लाउज नाही, तर म्हणते चारी बाजूंनी अर्धा इंच माया ठेवावी लागते, उद्या सैल करायची वेळ आली तर काय करशील? त्यामुळे तू जिथे जातेस तिथे आमच्या गॅलरीचा पिवळ्या फुलांचा पडदा अर्धा इंच तुझ्याबरोबर येतो. समुद्रावरसुद्धा.

मी तिला पुष्कळ समजावलं. (बाबांच्या मते पुष्कळपेक्षा जास्त.) नोंद म्हणजे काय, पुरावा म्हणजे काय, शंभर वर्षांनी एखादी मुलगी हे पान उघडेल तेव्हा तिला काय वाटेल. आईने दोऱ्याचं टोक दातात धरून सगळं ऐकलं आणि म्हणाली, “तिला वाटेल, मावशी आली होती.”

मग गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयाने नागरिकांना आवाहन केलं, की घरोघरचे कौटुंबिक फोटो आणा, आम्ही त्यांच्या प्रती करून जपून ठेवू. कल्पना माझीच होती. आईने वर्तमानपत्रात वाचलं, ठेवणीतले कपडे घातले, चाळीस पानं छापून घेतली आणि मला न सांगता तळघरात हजर झाली. मी खिडकीतून तिच्या चपला ओळखल्या, पण तोपर्यंत ती जिना उतरली होती. मोठ्या बाईंनी तिला खुर्ची दिली, हातमोजे घातले आणि एकेक पान अशा आदराने उलटायला लागल्या, की आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. आजवर तिच्या कामाला कोणी हातमोजे घालून हात लावला नव्हता. दहाव्या पानापाशी बाई थबकल्या. विसाव्यापाशी चष्मा पुसला. मग सौम्यपणे म्हणाल्या, “या हिरव्या स्वेटरातल्या बाई कोण? यांना थंडी फार वाजते का?”

आई म्हणाली, “माझी थोरली बहीण. आमच्याकडे सारखं येणं असतं तिचं.”

आणि मी, मावशी, मी तत्त्वाची मुलगी, टेबलावर ते वाक्य चिकटवून बसलेली, म्हणाले, “त्या तिथे नव्हत्या. चार वर्षांत एकदाही आल्या नाहीत. ही पानं जमा करता येणार नाहीत.”

खिडकीतून एक जोडी बूट गेले. आईने चाळीस पानं गोळा केली, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि म्हणाली, “बरोबर आहे तिचं. शिकलेली आहे.” आणि जिना चढून गेली. मोठ्या बाईंनी हातमोजे काढले आणि मला म्हणाल्या, की पोरी, तो नियम वह्यांसाठी होता.

त्यानंतर आठ दिवस आमच्या घरात काही घडलं नाही. म्हणजे घडलं, बाबांना ताप येऊन गेला, दूध उतू गेलं, पण पान झालं नाही. फोन मशीनच्या खणात बॉबिनच्या डबीशेजारी पडून होता. नळवाले काका सहज डोकावले (सहज!), पाना घेऊन दोन मिनिटं उभे राहिले आणि कोणी फोन काढत नाही असं बघून उतरल्या चेहऱ्याने गेले. बाबा जेवताना मान खाली घालून एवढंच म्हणाले, “तुझं तत्त्व मीठ घालून खाता येतं का बघ.” मला इतका शीण आला आहे, मावशी, की खरं बोलल्यावर माणसाला हलकं वाटतं हे ज्याने लिहिलं त्याला एकदा आमच्या स्वयंपाकघरात जेवायला बसवायचं आहे.

नवव्या दिवशी मी आईचा फोन उघडला. एक पान अर्धवट राहिलेलं सापडलं, माझ्या पदवीदान समारंभाचं. सभागृहाच्या पायऱ्या, बाबा, आई, झगा घातलेली मी, आणि आई व माझ्यामध्ये एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा. मला तेव्हाचं आठवलं. फोटो काढणारा सारखा म्हणत होता, जवळ या, जवळ या, आणि आई हलेना. शेवटी त्याने विचारलं, मध्ये कोणी येणार आहे का? आई म्हणाली, येईल. सहा महिने झाले, ते पान तसंच आहे. लेस नाही, बटण नाही. हिरवा स्वेटरसुद्धा नाही. मी आईला विचारलं, इथे का नाही लावलंस तिला? ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “ह्या पानाला ठिगळ नको.”

असो. इकडे बाकी सगळं क्षेम. घरची हकिकत कळावी एवढाच हेतू होता, माझं काहीही मागणं नाही. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. प्रकृतीला जप, ओल्या फरशीवरून सावकाश चाल.

तुझी भाची,
जिच्या कॉलेजचा अर्ज तुला दुसऱ्यांदा भरावा लागला, कारण पहिल्या वेळी तिने आईच्या नावाच्या जागी तुझं लिहिलं होतं

ता. क. काहीही मागणं नाही असं वर लिहिलं आहे, ते एवढं सोडून: तुझा एखादा ताजा फोटो पाठवशील का? डावीकडे बघणारा, सुती कपड्यांतला, हात मोकळे. उन्हाळा जवळ आला आहे आणि तुला पुन्हा त्या स्वेटरात बघणं आमच्यापैकी कोणालाच सोसणार नाही.

ता. क. दुसरा. नोंदीत चूक राहू नये म्हणून लिहिते. तुझ्या ऑपरेशननंतरचं ते पान, ज्यात तू डोळे मिटून, कवळी काढून, तोंड उघडं टाकून झोपली होतीस आणि भोवती फुलं आणि अकरा फुलपाखरं होती. ते नातेवाइकांच्या ग्रुपवर त्रेचाळीस जणांना गेलं, त्यातल्या तिघांनी श्रद्धांजली वाहिली, एक तर सुट्टी टाकून निघाला, आणि तू जागी झालीस ती स्वतःबद्दलचे दोन चांगले शब्द वाचत. “माझं दुखणं म्हणजे तुझी करमणूक का गं?” असं तू आईला विचारलंस आणि तेव्हापासून आमच्याकडे आली नाहीस. मावशी, फुलपाखरं आईची होती. पण तिला तेव्हा पाठवता येत नव्हतं. ती मला म्हणाली होती, आधी फक्त ताईला दाखव, तिला आवडलं तर बघू. मी कॉलेजात नुकती गेले होते, मला सगळं येत होतं. बटण मी दाबलं. आईने तुला ते सांगितलं नाही आणि मलाही कधी बोलून दाखवलं नाही. चार वर्षं ती माझी चूक अंगावर घेऊन बसली आहे, आणि मी तिला नोंदी कशा खऱ्या ठेवाव्यात ते शिकवते आहे.

ता. क. तिसरा, आणि हा शेवटचा. फोटो पाठवू नकोस. ये. रविवारी आम्ही तिघंही घरी असतो, बाबांची पाळी नसते. झगा परत करावा लागला, पण पायऱ्या तिथेच आहेत, चालत दहा मिनिटं. तुझ्या गुडघ्यांना वीस. आल्यावर मला बोलायचं ते बोल, आईला नको.

हिरवा स्वेटर घातलास तरी चालेल. कप मात्र रिकामा नसेल, चहा भरून देऊ. चार वर्षं तसाच धरून उभी आहेस.