तीन दिवसांचा ताप

आई, आज १४ ऑगस्ट, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. औषधाच्या दुकानातून घरी येऊन हात धुतले आणि लिहायला बसलो. दुपारी एक माणूस काउंटरवर आला. त्याच्या आईला दोन दिवसांपासून ताप आहे, थंडी वाजते, मधूनच बरळते. त्याला व्हिटॅमिनच्या गोळ्या हव्या होत्या. मी म्हटलं, "आधी दवाखान्यात न्या." तो म्हणाला, "तुले गोळ्या इकाले ठेवलं का डॉक्टरकी कराले, बे?" आणि शेजारच्या दुकानात गेला. तिथे त्याला मिळाल्या असतील.

मीही असाच होतो. बारावी सोडून दुकानात लागलो त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. औषधांची नावं अचूक लिहिता येत होती, म्हणून औषधंही कळतात असं वाटायचं. हिंगण्याच्या कारखान्यात तुझ्या पायात तार घुसली, पाय सुजला, ताप चढला. बाबा ट्रक घेऊन रायपूरकडे गेले होते. तू ओट्याला टेकून पोळ्या लाटत म्हणालीस, "दवाखान्यात गेली त हजेरी कापतीन." मी म्हटलं, "थांब वं आई, अशक्तपणा आहे," आणि व्हिटॅमिनची पट्टी आणून दिली. तू हसलीस. "माह्या घरातच डॉक्टर निंगाला वं बाई!" तीन दिवस तू त्या गोळ्या माझ्यासमोर घेतल्यास. चौथ्या दिवशी तुला उठता येईना.

हॉस्पिटलात डॉक्टर सांगतात, जखमेतून संसर्ग अंगभर पसरलाय, याला सेप्सिस म्हणतात. रक्तदाब फार खाली गेलाय. अँटिबायोटिक आणि सलाईनसोबत ते व्हिटॅमिन सीचं इंजेक्शनही लिहितात. "काही जण देतात, फायदा होईलच असं नाही," हेही सांगतात. मला मात्र व्हिटॅमिन एवढंच ऐकू येतं आणि, आई, मला क्षणभर आनंद होतो. म्हणजे माझं चुकलं नव्हतं. तेवढ्यात ते विचारतात, "ताप कधीपासून?" मी सांगतो, "कालपासून." ते तुझ्याकडे वळतात. तू डोळे न उघडता म्हणतेस, "हो साहेब, कालचाच हाय." त्यानंतर तू काही बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलीस.

मागच्या वर्षी ते डॉक्टर भेटले. सेप्सिसला अजून व्हिटॅमिन सी देता का, असं मी विचारलं. म्हणाले, "नाही. उपयोग दिसला नाही. पेशंटला लवकर आणलं, तर वाचायची आशा जास्त." मी त्यांना नमस्कार करून निघालो.

हे तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहिता आलं. बाबा बाहेर शेजारच्या काकूंशी बोलत आहेत. "अंगावर काढलं तिनं," ते आताच म्हणाले, "पोराले बी सांगतलं नाही." हे त्यांना मीच सांगितलं होतं, तू गेलीस त्याच दिवशी. मी अजून उठून बाहेर गेलेलो नाही.