चोवीस हात दोरी आणि सासूबाईंची जागा

चैत्र वद्य द्वितीया

तीर्थरूप शकुंतलावहिनींच्या पायावर साधनाचं डोकं (पत्रातूनच, खरंच वाकले तर उठवायला दोघी लागतात). दादांचा खोकला कसा आहे? लवंग भाजून चघळायला द्या, मधाची बाटली आणू नका, लवंगेत भागतं. इकडे मारुतीरायाच्या दयेनं सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण मुद्द्यावर आलं की तुमचा कुकर शिट्टी देतो. मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात, "आमच्याकडं जागाच कुठंय, साधना?" त्यावरून सप्त्याची हकीकत लिहावीशी वाटली.

आमच्या मारुतीच्या देवळात सप्त्याला बायांची जागा दोरीनं वेगळी करतात. एका बाजूला देवळाची भिंत, उरलेल्या तीन बाजूंना दोरी. दोरी चोवीस हात. संतरामभाऊजी (देवळाचा कारभार त्यांच्यामुळं चालतो, असं त्यांचं मत) दरसाल ती भिंतीपासून दोनच हात बाहेर काढतात आणि भिंतीलगत वीस हात लांब ताणतात. त्या पट्टीत बसलं की गुडघे भिंतीला आणि पाठ दोरीला. वीस बाया झाल्या की संपलं. आमच्या सासूबाई, पार्वतीबाई, हळू चालतात. त्या पोचेपर्यंत जागा भरलेली. तीन वर्षं त्यांनी चपलांच्या ढिगाशेजारी बसून कीर्तन ऐकलं. यंदा म्हणाल्या, "औंदा तरी मला आत बसव माय. देवाच्या दारी काय चपला राखायला येऊन राहिले का मी?"

मी भाऊजींकडे गेले. ते म्हणाले, "दोरी तेवढीच, तर जागा बी तेवढीच. या दोरीत काय करायचं ते करा वहिनी, वरून एक हात भेटणार न्हाई." मी हो म्हटलं. (काटकसरीचं बोलणं मला लगेच पटतं.)

घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं. दोन हात बाहेर, वीस लांब: चाळीस चौरस हात. तीन बाहेर, अठरा लांब: चोपन्न! चार बाहेर, सोळा लांब: चौसष्ट! दोरी तीच, वहिनी, आणि जागा वाढून राहिली. मला इतका हर्ष झाला की पुढचं मांडलंच नाही. जितकं बाहेर जावं तितकं जास्त, हे दिसतच होतं, आणि पानही वाचलं. पहिल्या दिवशी मी आणि शेजारच्या सोजराबाईंनी मिळून दोरी थेट दहा हात बाहेर ओढली. भिंतीलगत उरले चार हात. झाला की बोळ! शेवटच्या बायांना कीर्तनकार दिसेनात, चहाच्या टपरीवरचं मात्र सगळं दिसत होतं. भाऊजी पुरुषांतून ओरडले, "काहून वहिनी, रेशनची लाइन लावली का?" मोजल्या तर बरोबर वीस बाया मावल्या होत्या. एकविसाव्या सासूबाई, पुन्हा चपलांपाशी. त्यांनी माझ्याच चपला सरकवून बसायला जागा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची मंजुषा (दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली) वही बघून हसत सुटली. म्हणाली, "आई, रांगोळीचा डबा आण." अंगणात तिनं ठिपके काढले. आडवे ठिपके म्हणजे दोरी भिंतीपासून किती हात बाहेर, उभे ठिपके म्हणजे आत जागा किती. एक हाताला बावीस, दोनला चाळीस, तीनला चोपन्न, असे ठिपके चढत गेले. पाचला सत्तर. सहाला बहात्तर. आणि सातला पुन्हा सत्तर! मी म्हटलं, "चुकलीस." ती म्हणाली, "तूच मांड." मांडलं. आठला चौसष्ट, नऊला चोपन्न, दहाला चाळीस. जशी चढण, तशीच उतरण. ठिपके जोडले तर अंगणात गोल माथ्याचा डोंगर उभा. वर्गसमीकरणाचा आलेख असाच होतो म्हणे, त्याला अन्वस्त म्हणतात. (दहावीत हाच प्रश्न सोडून मी आलेखाचा कागद मिसळणाच्या डब्याखाली घातला होता. चांगला जाड कागद असतो.) मंजुषा म्हणाली, "संतरामकाका डोंगराच्या या पायथ्याला बसून होते. तू शिखर ओलांडून त्या पायथ्याला जाऊन बसलीस." तेवढ्यात सोजराबाई आल्या. त्यांना वाटलं, नवीन व्रताची रांगोळी. त्यांनी हळदकुंकू वाहिलं ते नेमकं शिखरावर, सहाच्या डोक्यावर! देवानं बोट दाखवलं, यापरतं मी काय म्हणू?

त्या दिवशी दोरी सहा हात बाहेर, बारा हात लांब. सोजराबाईंनी वाकडी बांधली, सहाच्या ऐवजी साडेपाच भरली, पण मी घाबरले नाही. शिखराजवळ माथा सपाट असतो, थोडं चुकलं तरी अर्धाच हात जातो. पायथ्याशी एक हात चुकला तर अठरा जातात. छत्तीस बाया बसल्या, वहिनी, मांडी घालून! तांड्यावरच्या भिकाबाई नेहमी रस्त्यावर उभ्या राहून ऐकायच्या, त्यासुद्धा लेकीसुनांना घेऊन आत आल्या. भाऊजींनी स्वतःच्या हातानं दोरी तीनदा मोजली. शेवटी म्हणाले, "कुठून जोड दिला, वहिनी?" आणि सासूबाई सगळ्यात पुढे, भिंतीला खांदा टेकून.

दादांना नमस्कार, लेकरांना पापे. पत्राचं पाकीट उलटून परत वापरता येतं, फाडू नका.

साधना

ता. क. सासूबाई पहिल्याच अभंगाला झोपल्या, त्या थेट आरतीला उठल्या. उरलेले पाचही दिवस हेच. म्हणतात, "अशी जागा असल्यावर झोप येणारच की माय."

ता. क. दुसरा. मंजुषाला अकरावी सायन्सला हिंगोलीत घालायचं आहे आणि राहायला तुमच्याकडे. जागेचं म्हणाल तर तुमच्या ओसरीची लांब भिंत रिकामी आहे. माझं जुनं नऊवारी पडद्याला पाठवते. नऊ वार म्हणजे अठरा हात. नऊ हात भिंतीला समांतर, दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार. साडेचाळीस चौरस हात होतात. म्हणजे गेल्या वर्षी गावातल्या वीस बायांना मिळून जेवढी जागा होती, तिच्याहून अर्धा हात जास्तच. आणि ही एकटीच पोरगी आहे, तीही बारीक.

ता. क. तिसरा. निकाल लागायचा आहे, पण जागा आधीच धरलेली बरी; लुगडं मंजुषासोबतच पाठवते आहे, हे पत्रही. ती उद्या सकाळच्या एसटीनं निघते.