आरोग्याची गाडी

इंदोरा, नागपूर
१२ नोव्हेंबर १९७८

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. थंडीने आईचे गुडघे धरले आहेत, बाकी बरं आहे. मी धरमपेठेतल्या एका दुकानासाठी परकर शिवते. तुमची मुंबईला बदली झाल्यापासून इकडे विशेष काही घडलेलं नाही.

आरोग्य शिक्षणाला पुन्हा सरकारी अनुदान मिळालं, नवी गाडी येतेय आणि या वेळी माझी नोकरी कायम होईल, असं तुम्ही लिहिलंत. 'तुझ्यासारखा गळा दुसऱ्या कोणाचा नाही.' आईने ते वाक्य दोनदा वाचून घेतलं. मला आनंद झाला नाही.

चार वर्षांपूर्वी तुम्हीच मला त्या गाडीवर लावलंत, हे मी विसरलेली नाही. पाणी उकळून प्या, हगवण लागली तर मीठ-साखरेचं पाणी पाजा, अशी गाणी मी गावोगाव म्हणायची. हिंगण्यापलीकडच्या गावात रंभाबाई मला हक्काने जेवायला बसवायची. तिचा नवरा धोंडबा सिनेमाचा पडदा बांधून द्यायचा. भोंगा वाजला की लोक हातातलं काम टाकून यायचे.

मग आणीबाणीत तेच अनुदान नसबंदीकडे वळलं. गाडी तीच, गाणीही तीच. त्या संध्याकाळी माझं गाणं ऐकायला बसलेल्या पुरुषांना पोलिसांनी घेरलं आणि शिबिरात नेलं. धोंडबा माझ्याकडे बघून ओरडत होता, "बाई, यायले सांगा ना! मले एकच पोट्टी हाये!"

मी सांगायला धावले. कोणाकडे, ते तुम्हांला माहीत आहे. गाडीच्या पुढच्या सीटवर, अधिकाऱ्याच्या जागी, तुम्ही बसला होतात. तुम्ही काच वर केलीत.

पुढचं मी तुम्हांला कधी सांगितलं नाही. त्याच वर्षी पावसाळ्यात तिथे हगवणीची साथ आली. गाडी दिसताच लोक शेतांत पळाले. रंभाबाईची लेक तारा आजारी होती, म्हणून रंभाबाई घरीच होती. तिने दार उघडलं नाही. मी बाहेरूनच मीठ किती, साखर किती, ते ओरडून सांगत राहिले.

आतून ती म्हणाली, "तुयं गाणं आयकाले गेला अन् माया माणूस कापून आणला. आता पोट्टीले काय पाजाले सांगून राहिली वं? जाय इथून!"

दुसऱ्या दिवशी तारा गेली. मी नोकरी सोडली. घसा बसला, असं तुम्हांला कळवलं.

गळा ठीक आहे, मामा. काम वाईट होतं, असंही मी म्हणत नाही. शेजारणींना आजही पाणी उकळायला सांगते, त्या ऐकतात. पण तुमच्या गाडीवर मी पुन्हा चढणार नाही.

नवी गाडी त्या गावात नेणार असाल, तर भोंगा वाजवू नका. आधी खाली उतरा, धोंडबाच्या दारात जा आणि तो काय म्हणेल ते उभ्याने ऐकून घ्या.

तुमच्या बहिणीची मुलगी,
प्रेमिला