अंड्यातल्या पिल्लांची थरथर

लातूर

ती. आबा,

तुमच्या सुकन्याचा लांबूनच तुमच्या पायांवर माथा. फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणून ठेवून देता, म्हणून लिहून राहिले.

आबा, माझा प्रयोग जमला! आमच्या लॅबमध्ये पट्ट्यापट्ट्यांचे बारके मासे आहेत. त्यांचं अंडं मोहरीएवढं, आरपार दिसणारं. एका दिवसात आतलं पिल्लू शेपूट हलवायला लागतं. आपण कापसावर मारतो ते औषध मी पाण्यात अगदी कणभर मिसळलं. एकही पिल्लू मेलं नाही, पण शेपट्या सारख्या थरथरत राहिल्या.

मॅडमना वाटलं, मला भास झाला. त्यांनी साध्या पाण्याच्या आणि औषधाच्या काचेच्या बश्या माझ्या माघारी अदलाबदल करून ठेवल्या. म्हणाल्या, "आता ओळख." मी नुसती हालचाल बघून सगळ्या बरोबर ओळखल्या. तेव्हा म्हणाल्या, "पोरी, पुण्याच्या परिषदेत हे तूच सांगायचं." मला लई आनंद झाला.

माय बरी हाय ना? गाय व्याली का?

दिवाळीला चहा पिताना तुमच्या हातातला कप बशीवर वाजत होता. "थंडीनं," म्हणालात. आबा, तेव्हा थंडी पडली नव्हती. आता फवारणीला जाऊ नका, धाकट्या सुदर्शनलाही पाठवू नका. शनिवारी मी येते, आपण दोघं किनवटला डॉक्टरांकडं जाऊ. मी रजा काढली आहे.

मायला यातलं काही बोलू नका. तिला एवढंच सांगा, की पोरगी पुण्याला भाषण करणार आहे.

तुमची लेक,
सुकन्या