बिझी म्हणजे काय करतात?

जुनेराचे अब्बा,

वॉशिंग मशीनमध्ये काहीतरी खडखडलं. तुमच्या पँटीच्या खिशातला बंदराचा पास निघाला. त्याची मुदत संपून महिना झालाय. पासाशिवाय गेटातून कुणाला सोडत नाहीत, हे तुम्हीच सांगितलेलं. मग रोज डबा घेऊन जाता कुठे? फोन केला की "बिझी हाय" म्हणता आणि ठेवून देता.

काम सुटलं असेल तर सांगा. दुसरं काही असेल तर तेही सांगा.

पास फ्रिजवर वाळत ठेवलाय. कालवण गरम करून जेवा. आम्ही दोघी माझ्या अम्मीकडे जातोय, संध्याकाळी मगरिबच्या नमाजापर्यंत येतो.

शाळेत 'बिझी'वर वाक्य लिहायचं होतं. जुनेराने लिहिलं, माझे अब्बा बिझी आहेत. टीचरनी टिक दिली. आता दारात चप्पल घालता घालता मला विचारतेय, "मम्मी, बिझी म्हणजे अब्बा काय करतात गं?"