गाडी डावीकडे ओढते

२ मार्च, रविवार
अखेर गाडी दारात आली. लाल, बुटकी, दोनच सीटची. वय झालंय, पण स्पोर्ट्स कार ती स्पोर्ट्स कार. ही म्हणाली, यात बसायचं तर आधी उठाबशांचा सराव हवा. दुर्लक्ष केलं.
संध्याकाळी एकटाच फेरी मारून आलो. येताना औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर डावं पुढचं चाक फूटपाथच्या दगडी काठाला टेकलं. टेकलं म्हणजे टेकलंच. ‘आपटलं’ हा शब्द इथे लागू होत नाही. आवाज जरा मोठा आला, एवढंच. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. कोणी पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही नव्हतंच.

३ मार्च, सोमवार
गाडी डावीकडे ओढते. काल घेताना ओढत नव्हती. याचा अर्थ उघड आहे: जुन्या मालकाने दोष लपवून विकली. काय एकेक माणसं असतात!
मला ती नवीन नाहीत. विमा कंपनीत आपटलेल्या गाड्यांचे दावे तपासण्यात माझे केस पांढरे झाले. आपटली का, असं मी कधीच विचारत नाही. आपटली असं धरून चालतो आणि एखादा फालतू तपशील विचारतो. आपटली तेव्हा रेडिओ चालू होता का? समोरचा बेसावध असतो, सांगून टाकतो. मोठं खोटं माणूस जिवापाड जपतो, छोटं खरं त्याच्या हातून सांडतं. जेवताना हे घरात ऐकवलं. लेक म्हणाली, बाबा, हे आम्ही दुधाच्या दातांपासून ऐकतोय.

५ मार्च
लेकीला पहिली नोकरी! घाटापलीकडच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. सतराला सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाणार. मी जाहीर केलं, सोळाला माझ्या गाडीतून सोडणार. माय-लेकींनी एकमेकींकडे पाहिलं. लेक म्हणाली, बसचं तिकीट काढलंय. म्हटलं, रद्द कर.
संकल्प: सोळाच्या आत गाडी सरळ.

६ मार्च
डाव्या चाकात हवा वाढवली. फरक नाही. मग लक्षात आलं, रस्ताच डावीकडे उतरता आहे. खात्री करायला त्याच रस्त्याने उलटा आलो. तरी डावीकडेच. म्हणजे रस्ता दोन्ही बाजूंनी उतरता आहे.

८ मार्च, शनिवार
नवा विचार: वजन. शेजारी ही बसते, त्या बाजूला गाडी झुकणारच. हे हिला शास्त्रीय भाषेत समजावलं. ही वाटेतच उतरली आणि रिक्षाने घरी गेली. रिकामी गाडीही डावीकडे ओढत होती. तिच्या बसण्याचा परिणाम काही काळ टिकत असावा.
संध्याकाळी मेहुणा आला होता. म्हणाला, दाजी, या गाडीचं माहेर डावीकडे आहे का हो? सगळे हसले. मीही हसलो. त्याला पुन्हा बोलावणार नाही.

९ मार्च, रविवार
चाकं सरळ करणाऱ्या अलाइनमेंटवाल्याकडे गेलो. माणूस अखंड बोलतो, पान खातो आणि स्वतःच्या मशीनवर स्वतःच खूश होतो. पडद्यावर सगळे आकडे हिरवे, डावीकडच्या पुढच्या चाकाचा एक लाल. काही केल्या हिरवा होईना. त्याने विचारलं, साहेब, कुठे आपटली का? ही शेजारीच उभी होती. मी म्हटलं, छे. तो म्हणाला, मग जन्मतःच वाकडी असेल. खालचा एखादा दांडा वाकलाय, गाडी वर घेऊन खोलावं लागेल, दोन दिवस ठेवा. आणि हो, तोवर जोरात ब्रेक मारू नका.
गाडी ठेवली नाही. खोलणं हा या लोकांचा धंदाच असतो.

१० मार्च
ऑफिसात एका गृहस्थांचा दावा फेटाळला. म्हणे, उभ्या गाडीचं चाक आपोआप वाकलं! शेरा मारला: ‘ग्राहकाने सत्य दडवले आहे.’ हाताखालच्या मुलीला म्हटलं, चाकाची कड बघ, दगडाचे ओरखडे स्पष्ट दिसतात. शिकणाऱ्याला शिकवावं.
घरी आल्यावर डाव्या चाकाची कड काळ्या रंगाने रंगवली. गंज लागू नये म्हणून.

१२ मार्च, बुधवार
रजा टाकली. कपडे वाळत घालायची दोरी सोडवून गाडीच्या दोन्ही बाजूंनी ताणून बांधली आणि चाकं मोजली. ओले कपडे हातात घेऊन ही दारात उभी, दोरीचं विचारत. मी उत्तर दिलं नाही, कारण तोंडात पाना होता. डाव्या चाकाची दिशा बदलणारा दांडा थोडा फिरवला. थोडा म्हणजे अंदाजाने.
यश! गाडी जवळजवळ सरळ जाते. फक्त सरळ जाताना स्टिअरिंग उजवीकडे वळलेलं राहतं. लेक शिकताना रुग्णांची चाल बघत आलीय. तिने गल्लीत गाडी येताना पाहिली आणि म्हणाली, बाबा, ही लंगडतेय. दुखरा पाय लपवून चालणारी माणसं अशीच चालतात.

१३ मार्च
स्टिअरिंगचाही प्रश्न मिटवला. जुन्या गाडीचा हा फायदा: मधोमध एक नट. स्टिअरिंग काढलं, सरळ धरलं, परत बसवलं. आता हातात सगळं सरळ दिसतं. इतकं सोपं होतं!

१५ मार्च, शनिवार
अंतिम चाचणी. साध्या रस्त्यावर झकास. बाजाराच्या वळणावर समोरचा ट्रक अचानक थांबला. ब्रेक मारला, आणि गाडीने डावीकडे उडी घेतली. तिथे एक सायकलवाला होता. तो सायकल टाकून फूटपाथवर चढला. बंपरपासून सायकल वीतभर. तो ओरडला नाही, नुसता बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.
हात थरथरत होते. नाश्ता केला नव्हता, त्यामुळे असणार.
घाटात ब्रेक कमी वापरायचा. गिअरवर उतरायचं. कसलेले ड्रायव्हर तसंच करतात. लेकीला सांगितलं, गाडी तयार आहे. तिने खिडकीतून गाडीकडे पाहिलं. मग म्हणाली, बरं.
घरात सांगायची गरज नाही.

१६ मार्च, रविवार
निघालो. एक बॅग डिकीत, एक लेकीच्या मांडीवर. हिने तिला मिठी मारली ती सुटेचना. जणू लेक चंद्रावर चालली होती. चढण उत्तम. मी गाणंही म्हटलं.
उतार लागला. तिसऱ्या वळणावर समोरून टँकर आला, माझ्या बाजूला घुसलेला. ब्रेकवर पाय गेलाच. स्टिअरिंग हातात सरळ आणि गाडी डावीकडे कठड्यावर. उजवीकडे ओढलं, पूर्ण ओढलं, येईना. डावा आरसा गेला. दाराखाली दगड खरवडल्याचा आवाज, लांबलचक. मग कठड्यापासून थोडी सुटून थांबली. कठड्यापलीकडे झाडांचे शेंडे, खाली. लेकीचा एक हात डॅशबोर्डवर, दुसरा माझ्या छातीवर आडवा. लहानपणी मी तिच्यापुढे धरायचो, तसा.
ती उतरली. मी उतरलो. टँकर निघून गेला होता. मी टँकरवाल्यांबद्दल बोलायला लागलो. ती डाव्या चाकाशी वाकली, नखाने काळा रंग खरवडला आणि वर न बघता अगदी सहज म्हणाली, बाबा, फूटपाथला आपटली तेव्हा आसपास कोणी होतं का?
मी म्हटलं, कोणी नव्हतं गं, औषधाच्या दुकानाचं शटरसुद्धा अर्धं खाली होतं.
तिने नखातला काळा रंग रुमालाला पुसला.
प्रश्न विचारण्याची ही पद्धत घरच्या माणसांशी वापरणं योग्य नाही. हे मी तिला सांगणार होतो, पण तेवढ्यात मागून बस आली. तिने हात केला, बस थांबली. तिचीच बस. तिकीट रद्द केलंच नव्हतं. बॅगा कंडक्टरने चढवल्या. पायरीवरून वळून म्हणाली, बाबा, ही चालवत खाली न्यायची नाही. चालूही करायची नाही. माझी शप्पथ. मी म्हटलं, बरं. तिचा आवाज कापत होता. तिनेही नाश्ता केला नव्हता.
टो ट्रक बोलावला. शप्पथ घातली म्हणून नव्हे, उगाच पेट्रोल जाळायचं कशाला? तोवर गाडीत शांत बसून राहिलो. चावीला हात लावला नाही.
पुढची चाकं उचलून ट्रकने गाडी ओढत नेली. मी ट्रकमध्ये बसून आरशातून बघत होतो. पूर्ण घाटभर गाडी नाकासमोर चालली.

१७ मार्च, सोमवार
अलाइनमेंटवाल्याने दांडा काढून हातात दिला. वाकलेला. त्याने काही विचारलं नाही. पान खात होता.
संध्याकाळी लेकीचा फोन. वेळेत हजर झाली, खोली बरी आहे, खिडकीतून घाट दिसतो. आईला द्या म्हणाली, आणि मग, अरे हो, बाबा, मी गेल्यावर गाडी चालू करून पाहिलीत तेव्हा इंजिन गार होतं का हो?
म्हटलं, नाही, गरम होतं.