न धुतलेला शर्ट

प्रिय ढोल्या,

आता वाळून तुझी काडी झाली असेल, टक्कलही पडलं असेल, पण माझ्या लेखी तू ढोल्याच. फोन तू उचलत नाहीस, उचललास तर ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

माझी नोकरी तीच. ताई किड्यांच्या सोयरिकी जुळवते, असं तू सगळ्यांना सांगत सुटायचास. मोडते रे, जुळवते कसली! मादी पतंगाचा वास रबराच्या बारक्या बुचात मुरवायचा, ते बूच सापळ्यात टांगायचं, की शेतातले नर त्यात येऊन पडतात. मग जोड्या जमत नाहीत आणि पिकाला अळी लागत नाही. बुचाचा वास किती दिवस टिकतो ते मी तपासते. काचेच्या लांब बोगद्यात एका टोकाला पंखा आणि बूच, दुसऱ्या टोकाला नर. वास पोचला की त्याच्या पिसासारख्या मिशा थरथरतात आणि तो वाऱ्याला तोंड देत नागमोडी उडत येतो. वास मध्येच तुटला तर आडव्या घिरट्या घालतो, पुन्हा सापडेपर्यंत. पोचल्यावर त्या रबराशी जी लगट करतो, ती बघून पूर्वी आम्ही पोट धरून हसायचो. हल्ली मी दुसरीकडे बघते.

आई जेवत नाही. केळं कापून ठेवलं तर बंद खोलीतही चिलटं हजर होतात, त्यांना न बोलावता जेवणाचं आमंत्रण पोचतं. आणि जिच्यासाठी कापलं ती ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत बसते. मला ती ‘बाई’ म्हणते. अहो बाई, माझी मुलं यायची वेळ झाली, तुम्ही आता निघा, असं अगदी सभ्यपणे सांगते. मी बाहेर जाते, चप्पल वाजवते, परत येते. पुन्हा बाईच.

तू मागे आलास तेव्हा तिने तुला, हे गृहस्थ कोण, असं विचारलं आणि तू त्याच पावली परत गेलास. मला तेव्हा तुझा राग आला होता, आता येत नाही. तू प्रवासातून उतरून हॉटेलात आंघोळ केलीस, भारी सेंट मारलंस, कडक इस्त्रीचे कपडे घातलेस. आईच्या दृष्टीने तू आलाच नव्हतास. आठवतं ना, आपण खेळून आलो की ती आपली डोकी हुंगायची? तुझ्या डोक्याला ओल्या बिस्किटाचा वास येतो म्हणून तुला जवळ धरून ठेवायची, आणि मला म्हणायची, तू जा, आधी आंघोळ कर. मी मोठी होते ना!

जाताना तू मळक्या कपड्यांची पिशवी इथेच विसरलास, त्यातला तुझा प्रवासातला निळा शर्ट मी दाराआडच्या खुंटीवर अडकवला होता. एका दुपारी आईने वाटीला हात मारला, माझ्या अंगावर सगळं सूप. हाताला लागला म्हणून तुझा शर्ट चढवला आणि परत चमचा पुढे केला. तिने मान वळवली. नाकपुड्या हलल्या. मग अख्खी वाटी संपवली, ढोल्या, आणि माझ्या गालावरून हात फिरवला. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, या आजारात नाक आधी जातं, हा योगायोग असेल. गेलं असेल नाक, पण तुझ्यापुरतं शिल्लक आहे. त्यानंतर मी रोज तुझा शर्ट घालून तिला भरवत आले. मऊ भात, शिजवलेलं गाजर, दूध, सगळं खायची. चेहऱ्यावर जरा तजेला आला होता.

गेल्या आठवड्यात आईला सांभाळणाऱ्या मावशींनी तो शर्ट धुतला. बिचारीने इस्त्री करून घडी माझ्या हातात दिली, कळकट झाला होता हो ताई, म्हणाली. आईने तेव्हापासून पाण्याच्या घोटांपलीकडे काही घेतलेलं नाही. डॉक्टर आता नळीचं बोलतात, आणि नळी नको तर मग थोडेच दिवस, असंही.

सोबत पार्सलमध्ये एक नवा सुती शर्ट पाठवते आहे. तो अंगात घाल, त्यातच झोप, साबण लावू नकोस, सेंट तर नकोच. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून लगेच परत पाठव. आलास तर फारच बरं, पण ते मी मागत नाही. एक गोष्ट तुला सांगणार नव्हते. शर्ट धुतला त्याच्या आदल्या दिवशी पोटभर जेवून झाल्यावर तिने माझ्या बाहीला नाक लावलं आणि हळूच विचारलं, ताई कशी रे येत नाही? माझ्यावर रुसली का? मी तुझ्यासारखा आवाज काढून म्हटलं, येईल गं. ती म्हणाली, तिला सांग, मी वाट बघतेय. निरोप तिने तुझ्याजवळ दिला होता, मला पोचवायला. शर्ट पाठव रे. ती जेवली पाहिजे, आणि मला परत एकदा तिच्या तोंडून माझी चौकशी ऐकायची आहे.

वाट बघणारी, तुझीच
ताई